डाव्या स्पीकरचा रंग

चकाकीकाकांना गल्लीत कुणी त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारल्याचं काकूंना आठवत नव्हतं. जुन्या लाकडाला पॉलिश करणारा माणूस म्हणून चकाकी, आणि केस पिकल्यावर मागे काका लागलं. गंमत म्हणजे काकांना चकचकाटाचा मनस्वी तिटकारा. "चकाकतात ती भांडी," ते म्हणायचे, "लाकूड नुसतं जागं दिसलं पाहिजे." पण टोपणनाव आणि शेजारी माणसाला निवडता येत नाहीत.

पुढच्या खोलीत काकांचं काम आणि मागच्या दोन खोल्यांत संसार, अशी घराची वाटणी. स्पिरिटचा वास स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून काकूंनी मधल्या दाराला जाड पडदा लावला होता. वास तरी यायचाच. लग्नानंतर सहा महिने त्या वासानं काकूंचं डोकं दुखलं. मग सवय झाली, आणि आता तर बहिणीकडे चार दिवस राहायला गेल्या की त्या वासावाचून त्यांना झोप लागत नसे.

काकांकडे जुने रेडिओग्राम यायचे, रेकॉर्ड प्लेअर यायचे, स्पीकरची कमरेएवढी लाकडी खोकी यायची. आतल्या यंत्राला ते बोट लावत नसत. गाणं दुसऱ्याचं, अंगरखा माझा, असा त्यांचा हिशेब. लोक आणत त्या पेट्यांवर चहाच्या कपांचे पांढरे गोल असत, कोपरे उडालेले असत, कुणी शहाण्यानं वर फुलदाणी ठेवून पाणी मुरवलेलं असे. काका आधी जुनं पॉलिश खरवडून काढत. वरचं विनियर म्हणजे चांगल्या लाकडाची चिकटवलेली साल, कागदासारखी पातळ. सँडपेपरचा एक हात जास्त फिरला की खालचं हलकं लाकूड दात विचकणार. मग लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, त्यात चिमूटभर पूड रंग टाकायचा, आणि कापसाच्या पुरचुंडीनं हातावर हात चढवत जायचं. चिमूट केवढी, हे काकांचा डोळा ठरवायचा. मापाचा चमचा त्यांनी जन्मात वापरला नाही. माणूस एरवी गरीब गाय, पण रंगाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसे.

गेल्या वर्षापासून मात्र ते बल्बवर चिडायला लागले होते. "हल्ली सगळे पिवळेच बल्ब विकतात मेले!" तीन बल्ब बदलून झाले. एकदा ते एका पायात निळा आणि एका पायात काळा मोजा घालून बाजारात जाऊन आले. काकूंच्या बहिणीला मोतीबिंदू झाला होता, त्यामुळे काकूंना हे कशाचं लक्षण ते सांगायला नको होतं. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं की काका म्हणत, "डोळे माझेत. मला कळतं. बल्ब भिकार आहेत."

अशात एका दातांच्या डॉक्टरांनी आपले दोन स्पीकर आणून टाकले. उजवं खोकं कोरा चहा असावा तसं गडद होतं. डावं वीस वर्षं खिडकीशी राहून उन्हानं पार विटलं होतं. "रविवारी दोघांच्या मधोमध खुर्ची टाकून बसतो," डॉक्टर म्हणाले, "एक डोळ्याला खुपतं हो. तेवढी जुळी करून द्या."

काकांनी तीन आठवडे घेतले. गुरुवारी दुपारी पडद्याआडून हाक आली, "अगं, जरा बाहेर ये. बघ बरं, जुळी झालीत की नाही?"

काकूंच्या हातातली पळी तशीच राहिली. चाळीस वर्षांत या माणसानं त्यांना रंगाबद्दल कधी, कधी म्हणून विचारलं नव्हतं.

त्या बाहेर आल्या. डावं खोकं विटेसारखं लाल झालं होतं. शाळेतल्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं. आणि शेजारी काका उभे होते, तपकिरी नखं फडक्याला पुसत, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे.

"अगदी जुळी," काकू म्हणाल्या. "कुठलं कुठलं ते ओळखूसुद्धा येत नाही."

काकांनी केवढा तरी श्वास सोडला. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. काकूंनी मात्र आपलं ताट तसंच झाकून ठेवलं. सांगावं तर हा माणूस खचणार, न सांगावं तर परवा गिऱ्हाईक येणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी त्यांनी स्वतःची समजूत घातली, की डॉक्टर भिडस्त आहेत, रंगातलं त्यांना काय कळणार! म्हणजे बघा, दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून कवळीच्या दाताचा पांढरा नेमका कुठला, हे ठरवणाऱ्या माणसाला!

शनिवारी डॉक्टर आले, त्यांनी खोक्यांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "काम सुरेख झालंय, काका. पण डावं जरा लाल वाटतंय का?"

"उजेडाचा खेळ आहे," काका हसले. दोघांनी मिळून खोकी दाराशी उन्हात नेली. काका डाव्याला नाक लावून वाकले, मग उजव्याला. पुन्हा डाव्याला. मग त्यांनी खोक्यांकडे बघायचं सोडून काकूंकडे बघितलं. पडद्याशी उभ्या असलेल्या काकू जमिनीकडे बघत होत्या.

"चूक माझी आहे, डॉक्टर," काका म्हणाले. "आठ दिवस द्या." काकूंचं नावही त्यांनी काढलं नाही.

डॉक्टर जाताना म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. दाताचा रंग मीसुद्धा एकटा ठरवत नाही. पेशंटच्या बायकोला विचारतो. तिनं तो दात वर्षानुवर्षं बघितलेला असतो."

दार लागलं. काका स्टुलावर बसले.

"तुला गुरुवारीच दिसलं होतं?"

"बघताक्षणी."

"मग?"

"तुमचा चेहरा बघवला नाही मला."

"डोळ्यांनी दगा दिला त्याचं एवढं नाही गं," काका म्हणाले. "ते म्हातारे झालेत. पण तू? मी तुझ्या भरवशावर डॉक्टरांशी वाद घालायला निघालो होतो."

काकू जीव होता म्हणून खोटं बोलल्या, आणि त्याच खोट्यानं माणूस उन्हात उघडा पडला. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. काका उठून जवळ आले नाहीत, पण आत जाऊन पाण्याचा पेला आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी डावं खोकं पुन्हा खरवडायला घेतलं, जपून, नखानं साल काढावी तसं. मग रंग लावून बघायला विनियरच्या उरलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या कापल्या, काकूंसाठी दुसरं स्टूल ओढलं आणि फडक्यानं पुसलं. "बस. आणि खरं बोल."

"लाल आहे."

"हे?"

"अजून लालच."

"हे तरी?"

"आता पार आजारी दिसतंय."

सहाव्या पट्टीला काका भडकले. "तुला काय कळतं गं रंगातलं?"

"चाळीस वर्षं तुमच्या बनियनवरचे डाग कोण धुतंय? तुमचा प्रत्येक रंग पाठ आहे मला."

काकांनी बनियनवरच्या ताज्या डागाकडे बघितलं. मग काहीतरी आठवून त्यांनी चाचरत विचारलं, "लग्नानंतर तुला कपाट करून दिलं होतं, ते?"

"खरं सांगू? वांगं दिसायचं."

"वांगं? मोडेपर्यंत पस्तीस वर्षं साड्या ठेवल्यास त्यात!"

"साड्यांची काही तक्रार नव्हती."

काका इतके हसले की ठसका लागला. काकूंनी त्यांची पाठ चोळली आणि हात तिथंच ठेवून म्हणाल्या, "उद्या सोमवारी डोळे दाखवायला जायचं. हे सगळं मला एकटीला बघायचं नाहीये." काकांनी या खेपेला बल्बला शिव्या दिल्या नाहीत. "जाऊ," म्हणाले.

नववी पट्टी काकू स्वतः दाराशी घेऊन गेल्या. उजव्या खोक्याला टेकवून उन्हात धरली, सावलीत धरली, पुन्हा उन्हात.

"हीच," त्या शेवटी म्हणाल्या.

"खरं?"

"खरं."

त्यांनी पट्टी काकांपुढे धरली. काकांनी ती घेतली, बघितली नाही, बाजूला ठेवली. पुरचुंडी त्याच रंगात बुडवून पिळली आणि डाव्या खोक्यावर पहिला हात फिरवला.