स्टेशनपासून पाच मिनिटं

घरं विकणाऱ्या माणसाकडे शेवटी उरतं काय? कमिशन म्हणाल तर ते कधी येतं आणि कधी जातं, कळत नाही. उरतात ते किस्से! आमच्या गोखिवऱ्याच्या ऑफिसात ते न बोलावता येतात, खुर्चीत बसतात, दोनदा चहा पितात आणि फ्लॅट न घेता निघून जातात.

ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि आम्ही दोघं. मी वैशाली, राहणार मनवेलपाडा, तोंडाने फटकळ. आणि माझे पार्टनर पास्कलभाऊ. वसई गावातले, केळीच्या वाडीत वाढलेले. साठी उलटली, पण गिऱ्हाईक पटवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. फ्लॅट कुठेही असो, अगदी डोंगराला टेकलेला असो, भाऊ शांतपणे सांगणार, "स्टेशनपासून पाच मिनिटं." एकदा एका गिऱ्हाइकाने ते अंतर खरंच चालून बघितलं आणि घामाघूम होऊन ऑफिसात भांडायला आलं. भाऊंनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही मध्ये कुठे थांबलात का?"

गेल्या वर्षी मात्र पाळी भाऊंच्याच घरावर आली. त्यांचा मुलगा अल्विन सिडनीला. त्याचा फोन आला, "डॅडी, इथे आईबापांनी पैसे घातल्याशिवाय कोणाचं घर होत नाही. वाडी विकूया. तुम्ही दोघं विरारला मस्त फ्लॅटमध्ये राहा." भाऊंच्या वडिलांनी बांधलेलं घर ते! विहीर, केळी, फिलोमिनावहिनींचं अंगण. पण भाऊ नाही म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "वैशाली, आपल्या बोर्डावर लाव." मी इतकी चिडले! भाऊंवर, अल्विनवर आणि त्या न पाहिलेल्या सिडनीवरसुद्धा.

तेव्हापासून भाऊंना एकच नाद. येईल त्याला विचारायचं, "तुमचं कोणी बाहेर असतं का? तिकडे घराचं काय?"

* * *

एक हाँगकाँगवाला आला. आई मनवेलपाड्याच्या चाळीत राहणारी, तिच्यासाठी वन बीएचके बघायचा होता. आम्ही फ्लॅट दाखवला. मालकाने आधीच सांगून टाकलं, "किचन जरा लहान आहे हां."

पोरगा किचनच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले. "आई, बघ! भिंतच लागत नाही!"

आईने विचारलं, "मग तिकडे तुझं किचन केवढं रे?"

"तिकडे किचन नाही गं. शेगडी पलंगाखाली ठेवतो. स्वयंपाक करायचा तर गादी उचलायची."

माऊलीने पदर डोळ्याला लावला. मग माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, माझं राहू द्या. मी चाळीत सुखात आहे. याच्यासाठी बघा काहीतरी!"

* * *

सावंत जोडप्याची मुलगी लंडनला. इथला फ्लॅट तिला व्हिडिओ कॉलवर दाखवायचा ठरला, पण तिनेच आधी स्वतःची भाड्याची खोली दाखवायला घेतली. खोलीचं भाडं ऐकून सावंतकाका खुर्चीवर बसले. काकूंनी मात्र धीर सोडला नाही. इतकी वर्षं विरारला काढलेली बाई ती, मुद्द्याचं विचारणार!

"ते भाडं राहू दे. पाणी किती वाजता येतं?"

"आई, पाणी चोवीस तास असतं."

काकू खूश झाल्या. सावंतकाकांनी फोन हातात घेतला. "विश्वास ठेवू नकोस. हे तुला एजंटने सांगितलं असणार!"

एवढं बोलून काकांना आम्ही समोर बसलोय याची आठवण झाली. भाऊ पंख्याकडे बघत बसले.

* * *

दुसऱ्याचं कशाला, माझी भाची झुरिकला असते. पगार ऐकला की छाती दडपते आणि खर्च ऐकला की कीव येते. दोन आठवड्यांसाठी आमच्याकडे आली. आल्या आल्या केस कापून घेतले. मग दाताच्या डॉक्टरकडे. मग चष्मा. मग टेलरकडे ब्लाउज. एक दिवस म्हणून घरात सापडली नाही.

आमचे हे जेवताना म्हणाले, "अगं, तू सुट्टीला आलीस की सर्व्हिसिंगला?"

पोरीने आमटीचा भुरका मारला. "दोन्हीला, काका. मावशी, चप्पल शिवणारा अजून नाक्यावरच बसतो ना?"

* * *

ऑफिससमोर चांदीप गावची हिराबाई भाजी घेऊन बसते. आमचं एक गिऱ्हाईक न्यूयॉर्कहून आलेलं, ते तिच्याकडे वांगी घ्यायला गेलं. हिराबाईने वांगी तोलली आणि वर कोथिंबीर टाकली. झालं! तो विचारतो, "कोथिंबिरीचे किती?"

"कोथिंबिरीचं पैसं कोन घेतं?"

तो ऐकेना. न्यूयॉर्कला एवढीशी जुडी केवढ्याला पडते, ते त्याने तिला उभ्या उभ्या समजावलं आणि फुकट घेणं बरोबर नाही म्हणून नोट पुढे केली. ती घेईना, हा सोडेना. शेवटी हिराबाई भडकली. "दादा, चार मान्सांत माजं नाव घालवता का? उद्या सगळी म्हनतील, हिरा कोथिंबीर इकते!"

भाऊ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "सिडनीला कोथिंबीर कशी मिळते, अल्विनला विचारायला पाहिजे."

* * *

मग भाऊंच्या घराला गिऱ्हाइकं यायला लागली. पहिलं आलं बोरिवलीचं. त्याला घर आवडलं. त्याने नेहमीचा प्रश्न केला, "स्टेशन किती लांब?"

भाऊ म्हणाले, "पाऊण तास."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"रिक्षाने?" गिऱ्हाईक हबकलं.

"रिक्षा मिळाली तर. पावसाळ्यात गल्लीत पाणी भरतं, मग रिक्षा येत नाही. हे तळं दिसतं ना, बावखल म्हणतो आम्ही. त्यात डास. आणि गाडी इथे नका लावू, टपावर नारळ पडतो."

त्या माणसाने वर बघितलं आणि आधी गाडी काढली.

मी भाऊंना धरलंच. "हा काय धंदा आहे, भाऊ?"

"घर विकताना खरं बोलावं, वैशाली."

"आणि इतकी वर्षं?"

भाऊ गालातल्या गालात हसले आणि केळीला पाणी घालायला गेले. त्यानंतर येईल त्या गिऱ्हाइकाला हेच. पाऊण तास, पाणी, डास आणि शेवटी न चुकता नारळ! सिडनीहून फोन यायचा, "डॅडी, अजून कोणी घेत का नाही?" भाऊ अगदी दुःखी आवाजात सांगायचे, "मार्केट डाऊन आहे, बाबा."

* * *

नाताळला अल्विन बायको-मुलीला घेऊन आला. म्हणाला, "आता मी आहे ना, विकूनच जातो." वहिनी हसत होत्या, करंज्या तळत होत्या, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

मुलगी चार-पाच वर्षांची. पहिल्या दिवशी ओटीवर दोन उड्या मारल्या आणि एकदम थांबली. आजीला विचारते, "खाली कोण राहतं?" सिडनीला खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात म्हणे. वहिनी म्हणाल्या, "खाली? खाली माती आहे, बाय. नाच तुला हवं तेवढं." अल्विन तिथेच चहा घेत होता.

चार दिवसांनी अंधेरीचं एक गिऱ्हाईक आलं. पैसेवालं, हौशी. भाऊ आणि वहिनी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेलेले, म्हणून अल्विननेच घर दाखवलं. माणूस विहिरीत डोकावला, केळीखालून फिरला, किंमत ऐकून मानेनेच हो म्हणाला. गाडी बरोबर नारळाखाली लावलेली. एवढा मोठा सौदा, माझंही कमिशन त्यात, पण मी वर नारळाकडेच बघत होते.

जाता जाता त्याने विचारलं, "स्टेशन किती लांब आहे हो?"

अल्विनने अंगणात पाहिलं. पोरगी अनवाणी धावत होती.

"पाऊण तास," तो म्हणाला. "रिक्षा मिळाली तर. पावसाळ्यात गल्लीत पाणी भरतं. आणि डास खूप आहेत."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

तो गाडीत बसत होता, तेवढ्यात भाऊ फाटकातून आत आले. मिस्साचा कडक इस्त्रीचा शर्ट, मागे वहिनी.

"काय विचारलं त्याने?"

"स्टेशन."

"मग?"

"पाऊण तास सांगितलं, डॅडी."

भाऊंनी वर झाडाकडे पाहिलं.

"आणि नारळ?"

"विसरलो."

"मग उभा काय राहिलास? धाव, सांगून ये!"