भुईवर घेतलेला माणूस

सेवा हा शब्द कुणी फार गोड आवाजात उच्चारला की माझं डोकं फिरतं. पुढे समाजकार्यात पडल्यावर म्हाताऱ्यांची सेवा, कुटुंबाचा आधार, श्रद्धेचं बळ यांवर मी पुष्कळ भाषणं ऐकली. प्रत्येक वेळी मला माझे सासरेच आठवले, भुईवर पडलेले.

पन्नास सालानंतरचे दिवस. चांदा आणि गडचिरोली मिळून तेव्हा एकच जिल्हा होता. चामोर्शीकडच्या एका धानाच्या गावात माझं सासर. सासऱ्यांना, आमच्या मामाजींना, दिवाळीच्या सुमारास ताप भरला आणि तो उतरेना. एका सकाळी त्यांचे डोळे फिरले, घशात घरघर लागली. आमच्याकडे बाजेवर प्राण जाऊ देत नाहीत. तसा गेला तर जीव अडकून राहतो म्हणतात. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, घाईघाईने भुई सारवली. माझ्या नवऱ्याने बापाला उचलून खाली निजवलं, तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान घातलं. भजनी मंडळी उशाशी बसली. मामाजी स्वतः त्याच मंडळीत वर्षानुवर्षं खंजिरी वाजवत आलेले.

दोन भजनं झाली आणि मामाजींनी डोळे उघडले. पेज मागितली.

मला कोण आनंद झाला! बाजेवर वाकळ अंथरायला मी धावले, पण बाकी कुणी हलेना. गावातले एक जाणते म्हातारे तिथे होते. ते हळूच म्हणाले, "भुईले देल्लेला माणूस वापस घ्याचा नसते. घेतला तं भुई त्याच घरातला दुसरा मागते." सगळ्यांच्या नजरा पाळण्याकडे गेल्या. माझं लेकरू अजून रांगतही नव्हतं.

मंडळी खंजिरी घेऊन घरी गेली. मामाजी राहिले खालीच.

थंडी वाढत गेली. जंगलाच्या कडेचं गाव ते, पहाटे भुईवर पाय टेकवत नसे. खाली तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, जाड थर, त्यावर वाकळ, शेजारी निखाऱ्यांचं घमेलं, तरी त्यांच्या पाठीला जखमा झाल्याच. आत्याबाई त्यांना कुशीवर वळवत, जखमांना तेल-हळद लावत, हगणं-मुतणं काढत. त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले, उठताना भिंत धरावी लागे. बाज रिकामी असून त्याही त्यांच्याशेजारी भुईवरच निजत. येणारे-जाणारे म्हणत, बाई नशीबवान, पतीची सेवा घडून राह्यली. आग लागो असल्या नशिबाला.

मी भांडले. आत्याबाईंशी भांडले, नवऱ्याशी तर रोजच. तो एवढंच म्हणे, "तुले लेकरू जड झालं काय?" यावर कोणती आई काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि मामाजी विचारत राहत. "मले बाजेवर काऊन घेत नाई?" आत्याबाई म्हणत, "उद्या घेऊ." एकदा ते चिडले. "देव घेत नाई, तुमी घेत नाई. मी जाऊ कुठी?" आत्याबाई तोंडाला पदर लावून चुलीकडे गेल्या.

मग धानाची मळणी सुरू झाली. एका दुपारी सगळे खळ्यावर गेलेले पाहून मी दार लोटलं, बाज मामाजींजवळ ओढली आणि त्यांच्या काखेत हात घातले. नुसती हाडं उरली होती. मी एकटीने सहज उचललं असतं.

"चला मामाजी, बाजेवर."

त्यांनी दोन्ही मुठींत खालची वाकळ घट्ट धरली. "नोको."

"रोज तर म्हणता!"

"मले कोणी सांगतलंच नव्हतं, बाई. तुह्या नवऱ्यानं काल सांगतलं." ते पाळण्याकडे बघत होते. "लेकरू हाये घरात. राहू दे मले खाली."

"मामाजी, हे सगळं खोटं आहे. असं काही होत नसतं."

"असन खोटं," ते म्हणाले. "पण खरं निघालं तं?"

मी बाज परत भिंतीशी नेऊन लावली.

त्यानंतर त्यांनी बाज मागितली नाही. पेजही मागितली नाही, पाजली तर घोटभर घेत. महाशिवरात्रीच्या आधी एका सकाळी आत्याबाई त्यांना कुशीवर वळवायला गेल्या, तर अंग गार पडलेलं. या खेपेला उशाशी भजनाला कुणी नव्हतं.

तेरावं झालं. आम्ही ते तणस जाळलं, घर सारवून काढलं. ज्या बाजेवर माणूस मरतो ती आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. पण या बाजेवर कुणी मेलं नव्हतं. ती चांगली होती. आत्याबाईंनी तिच्या दोऱ्या आवळल्या, वर वाकळ घातली, पाळण्यातलं माझं लेकरू उचलून तिच्यावर निजवलं आणि आपण सवयीने खाली भुईवर अंग टाकलं. लेकरू हातपाय पसरून भर बाजेवर झोपलं. त्या दुपारी मला त्याचा, माझ्या पोटच्या गोळ्याचा, राग आला.