डाव्या कानातला आवाज

काटोलच्या माझ्या मित्राचं घशातल्या गाठीपायी स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा वहिनींनी माझ्याकडे एकच मागणं केलं. "भाऊजी, काहीबी करा, पण आमच्या यायचा आवाज ठेवून घ्या."

मोबाईल समोर धरून पाहिला. हा गडी त्यात बोलेल तर शपथ! "याच्यापुढं काय बोलू गा? तो काही उत्तर देते काय?" आम्ही दोघंही हौशी रेडिओवाले, घरच्या सेटवरून हवेत गप्पा मारणारे. रविवारी सकाळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आमची मंडळी जमते, एकेकाची पाळी येते, आणि याची पाळी आली की हा हवापाण्यापासून संत्र्याच्या बहारापर्यंत सुटतो. आवाज धरायचा तर तिथेच. पण ऑपरेशनआधी एकच रविवार उरला होता आणि नेमकी त्या दिवशी माझी हिंगण्याला कारखान्यात सकाळपाळी.

म्हणून काम कॉम्प्युटरवर सोपवलं. घरातले तिन्ही रिसीव्हर त्याला जोडले. ठरल्या वेळी त्यानेच ते फ्रिक्वेन्सीवर लावायचे आणि आवाज साठवायचा. तिसऱ्यातून नुसतं घूंऽऽ येत होतं, त्याला दोन शिव्या देऊन बाजूला ठेवलं. उरलेल्या दोघांना एकच स्टिरिओ वायर पुरवली. डावीकडे आमची नेहमीची फ्रिक्वेन्सी, उजवीकडे खरखर वाढली की मंडळी जिथे सरकते ती. स्वतःच्या अकलेवर मी भलताच खूश होतो.

कामावरून परतलो तर फाइल तयार. पडद्यावर दोन्ही पट्ट्यांवरच्या रेषा वरखाली झालेल्या दिसल्या, तेवढ्यावर समाधान मानलं. ऐकायची हिंमत झाली नाही. त्याच्या ऑपरेशनआधीच मला रडत बसायचं नव्हतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठे मला पोटभर जेवण गेलं. त्याचं खाणंपिणं सुरू झाल्यावर मी फाइल मोबाईलमध्ये घेतली आणि काटोलची बस धरली.

तो पलंगावर बसला होता, गळ्याला पट्टी. वहिनी माझ्यासमोर. मी मोबाईल सुरू केला. त्याचा आवाज आला आणि त्याच्यावर चढून कुठल्याशा परदेशी बाईचं गाणं. एक शब्द धड कळेना.

"हे काहून असं, भाऊजी?" वहिनींचा चेहरा उतरला. तो आवाज आता मी पुन्हा कुठून आणणार होतो?

मित्र मात्र शांत होता. त्याने दोन बोटं दाखवली, मग एक या कानाला लावलं, दुसरं त्या कानाला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन रेडिओ, एक वायर; डावीकडे हा, उजवीकडच्या फ्रिक्वेन्सीवर ती बाई. मोबाईलच्या स्पीकरने दोघांची खिचडी केली होती.

खिशातला इअरफोन काढून मी त्याची डावी बाजू तेवढी वहिनींच्या कानात दिली.

"आला," त्या म्हणाल्या. "एकदम साफ!"

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच फतकल मारली. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या, मधूनच हसत होत्या. मग अचानक जोरात म्हणाल्या, "ठेवून राहिली ना! दम धरा थोडा," आणि उठून निघाल्यासुद्धा. इअरफोन कानातून निसटला.

मी तो उचलून कानात घातला आणि रेकॉर्डिंग थोडं मागे नेऊन ऐकलं. बोलता बोलता तो माइकपासून तोंड वळवून घरात विचारत होता, "चहा ठेवला काय वं?"

वहिनींच्याही ते ध्यानात आलं, त्या दारातच थबकल्या. पलंगावर तो आवाज न करता हसत होता, खांदे गदगदा हलत होते. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवून वहिनींना खुणावलं, यालाही दे. डोळे पुसत त्या आत गेल्या आणि त्यांनी चहा ठेवला.