टॅपेट ‘खाली’ करताना

सांगतो, सगळं सांगतो, पण आधी चहा घ्या. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरुवात केली की मला मध्ये थांबवत नाही.

तर झालं असं. नोकरीसाठी साताऱ्याहून इंदूरला येऊन मला दोन वर्षं झाली होती. दिवसभर सांवेर रोडच्या कारखान्यात, आणि राहायला मुळ्येकाकांच्या वरच्या मजल्यावर. काका-काकू पक्के इंदुरी, तीन पिढ्यांपासूनचे. डोळ्यांमुळे काकांचं गाडी चालवणं बंद झालं, तेव्हा त्यांची जुनी गाडी मीच घेतली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांनी घेतलेली गाडी ती! आणि आता पन्नासावा आला. दुपारचं जेवण अन्नपूर्णा मंदिराजवळ लेकीकडे. काकूंनी आधीच बजावलेलं, “जायचं तर आपल्या गाडीतूनच. पण ती टकटक बंद करा हो. रस्त्यातले लोक वळून बघतात.”

टकटक होती, नाही म्हणत नाही. टॅपेटची. इंजिनातला व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी दांडी, यांच्यात जाड कागदाएवढी फट लागते. ती वाढली की वाजतं. स्क्रू फिरवायचा, फट नीट करायची, संपलं. त्यात काय एवढं? इंजिनिअर आहे मी!

आमचे मेकॅनिक इस्माईलभाई नेमके देवासला भाचीच्या लग्नात. फोन लावला.

“इस्माईलभाई, मैं टॅपेट घर पे च बसवून लेता हूँ. कैसा करने का?”

मागे बँड वाजत होता. ते ओरडून म्हणाले, “इंजन ठंडा रखना भिया! हाथ से घुमाते जाओ. जो टैपेट खाली मिले, वोई सेट करना! और जो दबा हो, उसको...”

धडाम्! ढोल-ताशे. फोन कट.

पण मला कळलं होतं ना! खाली, म्हणजे खाली गेलेला. दबलेला. भाई बिचारे तेच दोनदा सांगत होते. इतकं सोपं!

सकाळी आठला बॉनेट उघडलं. काका मदतीला. पुलीच्या बोल्टला पाना लावून ते इंजिन हळूहळू फिरवायचे, आणि मी स्क्रूड्रायव्हर आणि मापाच्या पातळ पट्ट्या घेऊन सर्जनसारखा वाकलेलो.

“काका, हा खाली आहे का बघा.”

काकांनी बोटाने दांडी हलवून पाहिली. “नाही हो. हा तर दबलेला आहे.”

“मग तेच म्हणतोय मी. दबलेला म्हणजेच खाली!”

काकांनी पाना धरूनच वर बघितलं. “दबलेल्याला खाली म्हणता तुम्ही लोक?”

“मग काय म्हणणार?”

“असेल बुवा,” काका म्हणाले. “तुमच्याकडचं मराठी शुद्ध. आमच्यात हिंदी फार शिरली.”

माणूस किती सभ्य असावा? तिथेच माझ्या कानाखाली वाजवायला हवी होती त्यांनी!

दबलेल्या टॅपेटमध्ये पट्टी शिरेना. मी स्क्रू सैल केला. आणखी सैल केला. पार वर आणला, तेव्हा कुठे पट्टी सरकली. असे एक-एक करून आठही व्हॉल्व्ह मी मापात बसवले. मनात म्हटलं, इतक्या वर्षांत कुणी धड काम केलेलंच दिसत नाही. सगळेच स्क्रू किती घट्ट होते!

अकरा वाजता काकू ठेवणीतली हिरवी साडी नेसून, केसांत गजरा माळून बाहेर आल्या. हातात श्रीखंडाचा डबा. मी ऐटीत किल्ली फिरवली.

घुर्र... घुर्र... घुर्र. इंजिन नुसतं फिरतंय. सुरू व्हायचं नाव नाही! पुन्हा किल्ली. पुन्हा घुर्र. आणि आतून अशी खडखड, जशी कुणी डब्यात खिळे भरून हलवतंय.

काकू मागच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा होत्या. पाच मिनिटांनी त्यांनी शांतपणे विचारलं, “निघायचं का?”

माझ्या कपाळावर ग्रीस. पन्नास वर्षांचा संसार केलेलं जोडपं, आणि मी त्यांना अंगणात बसवून ठेवलेलं! शेवटी ई-रिक्षा बोलावली. मागे काका-काकू, पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर मी, मांडीवर श्रीखंड. जेवणाला आलेला प्रत्येक पाहुणा मला एकच विचारत होता, “गाडीचं काय झालं हो?” आणि काका प्रत्येकाला सांगत होते, “काही नाही, ह्यांनी दुरुस्त केली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्माईलभाई आले. झाकण उघडलं. बघत राहिले. एकेक दांडी बोटाने हलवून पाहिली.

“ये किसने किया?”

“मैंने. आप बोले ना, जो खाली है वोई सेट करो. मैंने सब नीचेवाले सेट किए.”

“नीचेवाले?” भाईंनी डोक्याला हात लावला. “भिया, खाली मतलब फ्री! जिस पे दाब नी हो! दबा हुआ तो छूनेकाच नी था! अब व्हॉल्व्ह खुलेगा कैसे? इंजन साँस कहाँ से लेगा?”

मी काकांकडे पाहिलं. काका गुलाबाच्या कुंडीकडे पाहत होते.

“नशीब समझो, ढीला ही किया. कसके रख देते तो व्हॉल्व्ह जल जाते.” भाईंनी तासाभरात आठही टॅपेट लावले. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! संध्याकाळी काका-काकूंना मी त्याच गाडीतून मंदिरात नेऊन आणलं. काकूंनी मला माफही केलं, म्हणजे तसं त्या म्हणाल्या.

पण त्याआधी, सकाळी भाई निघाले तेव्हा मी त्यांना हात जोडले. “माफ करना, भाई. मेरेकू आपका हिंदी समझ्याच नहीं.”

भाई हात पुसत, अगदी स्वच्छ मराठीत म्हणाले, “मग मराठीत विचारायचं होतं ना, साहेब. मी बारा वर्षं नाशिकला होतो गॅरेजात.”

मी गारच पडलो! “अहो, मग दोन वर्षांत एकदा तरी बोलायचं ना मराठी!”

“बोलणार होतो पहिल्याच दिवशी,” इस्माईलभाई म्हणाले, “पण तुमची हिंदी ऐकायला गॅरेजातली सगळी पोरं जमतात हो!”