वायसर आणि वरण

“रीनल कॅल्क्युलस,” क्ष-किरणांचे चित्र खिडकीच्या उजेडाकडे धरून नागपूरच्या इस्पितळातील डॉक्टर म्हणाले. म्हणजे मूत्रपिंडात धरलेला खडा. आपण त्यास मुतखडा म्हणतो. “खाली मूत्रनळीत उतरला आहे. वाहून गेला तर उत्तम, नाही तर शस्त्रक्रिया.”

मग त्यांनी विचारले, “दिवसातून पाणी किती पिता?”

पूजा आणि पाठ आटोपेपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, मी थेंबही घेत नसे. नंतर जेमतेम एक तांब्या. कारण पाणी मचूळ लागे.

“पाणी कुठले?”

“गोंदियाचे, नळाचे,” मी सांगितले. त्याही स्थितीत माझ्या स्वरात अभिमान होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

आमच्या पेठेत नळ आला तेव्हा मी त्यास हात लावण्याचे नाकारले होते. तोटीतील वायसर, म्हणजे गळती रोखणारी चकती, चामड्याचा होता. चामड्यास स्पर्शून आलेले जल देवास कसे चालावे? आठ महिने मी नळसमितीस अर्ज केले. अखेर माझ्यासमक्ष तोटी उघडून रबराचा वायसर बसविला. त्याच दिवशी मी स्वहस्ते लिहून दिले: ‘हे जल शुद्ध आहे. निःशंक प्यावे.’ समितीने ते काचेत मढवून नळावर टांगले. तोवर तलावावर जाणारी कितीतरी घरे माझ्या शब्दावर नळाला लागली.

तिसऱ्याच दिवशी पत्नी म्हणाली, “अहो, सकाळपासून चूल पेटली आहे, पण डाळ शिजूनच नाही राहिली. हे पाणी बरं नाही.”

“शुद्धाशुद्ध डाळीवरून ठरत नसते,” मी म्हणालो.

“मग कच्चीच वाढते. शुद्ध आहे ती!”

पुढे ती वरणापुरते पाणी तलावाचे आणू लागली. तांब्यात साचणाऱ्या पांढऱ्या पुटाला मी तिच्या घासण्यातील कुचराई म्हणत राहिलो.

मग एका सोमवारी, अभिषेक चालू असताना, डाव्या कुशीतून जांघेपर्यंत कळ गेली. हातातील पळी गळून पडली. ओकाऱ्या झाल्या, लघवी लाल झाली. वैद्यांच्या काढ्याने उतार पडेना, तेव्हा पत्नीसह आगगाडीने नागपूर गाठले.

डॉक्टरांनी हार्ड वॉटरचा अर्थ सांगितला: ज्यात चुन्यासारखे क्षार विरघळलेले असतात ते जड पाणी. त्यात साबण फेसाळत नाही, डाळ शिजत नाही. “खडा केवळ त्यानेच झाला असे मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “पाणी कमी पिणे, हे मोठे कारण. पण बेचव म्हणूनच टाळलेत ना? पंडितजी, वायसर तपासलात. पाणी कुणी तपासले?”

पत्नी म्हणाली, “डाळ रोज सांगून राहिली होती, डॉक्टरसाहेब. पण डाळीले संस्कृत येत नाही न!”

डॉक्टर हसले. मला हसू आले नाही. राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना.

अकरा दिवस उकळून निवविलेले पाणी सकाळपासून मोजून प्यालो, आणि पाठ त्यानंतर केला. प्रत्येक लघवी फडक्यातून गाळावयाची, मग वाट पाहावयाची. अकराव्या दिवशी फडक्यावर खडा दिसला. शस्त्रक्रिया टळली.

परतताच नळावर गेलो. माझे अक्षर काचेत तसेच होते, आणि खाली घागरींची रांग. समितीच्या कारकुनास म्हटले, “हे उतरवा.”

“काऊन उतरवू, पंडितजी? पाणी काचेसारखं साफ आहे. तुमचंच लिहिलेलं, आता तुम्हीच खोटं म्हणता?”

“माझे अर्धे खोटे आहे.”

“समितीच्या बैठकीत मांडा.”

वायसरासाठी आठ महिने लागले होते. आता पुन्हा आठ महिने, आणि रांग रोजची! घरी येऊन मी कागद घेतला. पत्नीने तांदळाच्या पिठाची खळ शिजवून दिली; तलावाच्या पाण्यात. तो कागद मी काचेवरच चिकटविला: ‘वायसर रबराचा आहे, एवढेच मला ठाऊक होते. पाणी जड आहे. ते तपासेपर्यंत माझ्या शब्दावर पिऊ नये. तलावाचे पाणी उकळून, गाळून घ्यावे. हे माझ्या पत्नीस तिसऱ्या दिवशी कळले होते.’

ज्यांना ही व्याधी जडली असेल त्यांनी भरपूर पाणी प्यावे, आणि ते कसे आहे हे आधी चुलीपाशी विचारावे. ईश्वराने मला दुखण्यातून उठविले, त्याचे स्मरण नित्य करतो. आता पूजेपूर्वी पत्नी तांब्या पुढे करते, आणि मी तो निमूट रिकामा करतो.