पुन्हा अकरावीत

पहिली आल्याचा आनंद शिवम्माला आठवडाभरही पुरला नाही.

त्र्याहत्तर सालच्या जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला. तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी. मुलींच्या शाळेत ती पहिली आली म्हणून तिच्या अप्पांनी, मिरचीचे व्यापारी चनबसप्पा कलशेट्टी यांनी, सोलापूरच्या मंगळवार पेठेत घरोघर पेढे वाटले. शिवम्माचं मन मात्र पुढच्या गोष्टीत गुंतलं होतं. आदल्या वर्षी शाळेत लस टोचायला आलेली एक तरुण डॉक्टरीण तिच्याशी कानडीत बोलली होती आणि जाता जाता म्हणाली होती, "डोकं चांगलं आहे तुझं. मॅट्रिक झालीस की सायन्सला जा." कुणी मोठ्या बाईनं आपल्याला पुढचं काही सांगावं, हे शिवम्माच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं होतं. ते तिच्या मनात पक्कं बसलं.

अप्पांना घेऊन ती कॉलेजात गेली. खिडकीतल्या कारकुनानं गुण पाहिले, मान डोलावली आणि विचारलं, "गणित कुठलं घेतलं होतं?"

"सामान्य गणित."

"मग सायन्स मिळणार नाही. त्याला बीजगणित-भूमिती लागते."

"पण मला एक्याण्णव आहेत."

"नव्याण्णव असते तरी हेच सांगितलं असतं. आर्ट्सला या की, एवढ्या मार्कांवर हसत घेतील."

आठवीपासून गणिताच्या दोन वाटा फुटत, एक अवघड आणि एक सोपी, हे शिवम्माला ठाऊक होतं. सोपी वाट पुढे जाऊन बंद होते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती तडक शाळेत गेली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शांतपणे म्हणाल्या, "अगं, भूमितीत मुली नापास होतात. मग घरचे लग्न लावून मोकळे होतात. सोपं गणित होतं म्हणून तुमचा अख्खा वर्ग पास झाला."

"मला विचारायचं तरी होतं, बाई."

"आठवीतल्या मुलीला काय विचारायचं? तुझ्या वडिलांना विचारलं होतं."

घरी परतताना तिनं अप्पांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत चालत होते. "बाई म्हणाल्या, सोपं गणित देतो," ते म्हणाले. "सोपं म्हटल्यावर कोण नको म्हणतंय, शिवे?"

त्यावर रागवावं असं काही नव्हतं. तेच तिला फार लागलं.

आर्ट्सला जायचं नाही, राहिलेला विषय बाहेरून बसून सोडवायचा, असं तिनं ठरवलं. अप्पा नाही म्हणाले नाहीत. लग्न ठरेपर्यंत पोरगी घरात काहीतरी करत बसेल, एवढाच त्यांचा हिशेब. माढ्याहून येऊन सोलापुरात राहिलेले रामहरी मास्तर मुलांच्या शिकवण्या घेत. तिथं एकट्या पोरीला पाठवायचं कसं, म्हणून तिची अव्वा, म्हणजे आई नागव्वा, रोज सोबत जायची. मास्तर फळ्यावर त्रिकोण काढत, मुलं पुढे बसत, शिवम्मा दाराजवळ बसे, आणि तिच्या मागे अव्वा वाती वळत बसे. अव्वाला मराठी धड येत नव्हतं. तरी परत येताना ती कधीतरी विचारायची, "आज ते दोन कोन सारखे निघाले की नाही?" शिवम्माला हसू यायचं. त्या वर्षातलं तेवढंच सुख होतं.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये ती बीजगणित-भूमितीत चांगल्या गुणांनी सुटली. पुन्हा अप्पा, पुन्हा कॉलेज. या वेळी प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. ते भले गृहस्थ होते, तिला खुर्ची दिली, तिचं कौतुक केलं, आणि मग म्हणाले, "तू सायन्सला पात्र झालीस, यात शंका नाही. पण आमच्याकडे प्रवेश एका बैठकीतल्या एकूण गुणांवर देतात. सुटा विषय त्यात धरत नाहीत. तुझा नंबर सगळ्यांच्या मागे लागतो, आणि जागा त्याआधीच भरतात."

"मग मी काय करायचं, सर?"

"सगळे विषय पुन्हा दे. आणि पुढच्याच वर्षी दे. जुनी अकरावी त्यानंतर बंद होतेय. दहावीचा नवा अभ्यासक्रम आलाय."

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "साकु, शिवे. पुरे झालं आता."

"एकच वर्ष, अप्पा."

अप्पांनी वर्ष दिलं, पण त्याला एक गाठ मारून. वैरागच्या भुसार व्यापाऱ्यांचं स्थळ आलं होतं, मुलगा चन्नवीर. परीक्षा होऊ दे, वैशाखात लग्न. शिवम्मा व्हय म्हणाली. नाही म्हटलं असतं तर परीक्षाही गेली असती.

एकदा पास झालेली परीक्षा पुन्हा देणं फार विचित्र असतं. तेच धडे, त्याच कविता, आणि आजूबाजूला परकरातल्या मुली. इतिहासाचा पेपर लिहिताना तिला वाटलं, आपण पुढे चाललोय की कुणी आपल्याला मागे ढकलतंय? पंचाहत्तरला दहावी आणि अकरावी दोन्हींच्या परीक्षा झाल्या. शहरभर पोरंच पोरं. मे महिन्यात ती वैरागला नांदायला गेली आणि निकाल तिथं लागला. चन्नवीरनं एसटी स्टँडवरून पेपर आणला, नंबर शोधला आणि तिच्यासमोर धरला.

"मी बीजगणितातच अडकलो होतो," तो हळू म्हणाला. "दोनदा. मग दुकानात बसलो."

पुढे हाती आलेल्या गुणांवर सोलापुरात सायन्सची जागा नक्की मिळाली असती. पण नवी सून सोलापुरात राहणार कशी? बार्शीला कॉलेज होतं, एसटीनं जाता येत होतं. सासूबाई बसव्वा म्हणाल्या, "जा की बाई, आमी कुटं नगं म्हणतोय? पण हे वरीस घरात रुळ. लोक काय म्हणतील, आली न् पळाली?"

वर्षभर ती रुळली. धान्य निवडलं, पाहुणे केले, सासूबाईंचे दुखरे गुडघे चोळले. कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. भांडायला माणूसच सापडत नाही, हीच तिची अडचण होती. रात्री चन्नवीर विचारायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "काही न्हाय."

शहात्तरच्या जूनमध्ये चन्नवीरनं आईकडून होकार मिळवला आणि तिला बार्शीला नेलं. कॉलेजातल्या साहेबांनी तिचे दोन वर्षांचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवले. "जुनी मॅट्रिक. तुमच्यासाठी प्रीडिग्री होती, कॉलेजचं पहिलं वर्ष, ती गेल्या वर्षीच संपली. आता अकरावी-बारावी."

"मग बारावीत बसू?"

"आर्ट्सला विचार करता आला असता. सायन्सला आम्ही थेट बारावीत घेत नाही. अकरावीचा अभ्यास नवा आहे. तुम्हाला अकरावीत बसावं लागेल."

"साहेब, मी अकरावी दोनदा पास झालेय."

"ती दहावीच्या बरोबरीची धरतात, बाई. मी काय करू?"

चन्नवीर काही बोलणार होता, तिनं त्याला थांबवलं. बाहेरच्या कट्ट्यावर ती बराच वेळ बसून राहिली. तीन वर्षांत ती एका जागेवरून हललीच नव्हती. बाकीचं सगळं हललं होतं.

"घरी जायचं?" चन्नवीरनं विचारलं.

"घरी जाऊन काय करू?" ती म्हणाली, आणि तिनं आत जाऊन नाव घातलं.

पहिल्या दिवशी ती लुगडं नेसून, कपाळाला विभूती लावून वर्गात गेली तेव्हा पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं नव्या बाई आल्या. खऱ्या सरांनी दारातूनच सांगितलं, "पालकांनी बाहेर थांबा."

"मी वर्गातलीच आहे, सर."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी हजेरीत नाव पाहिलं, मान हलवली, आणि तिला पहिल्या बाकावर जागा करून दिली. मग वळून त्यांनी फळ्यावर समीकरण लिहिलं. ते रामहरी मास्तरांनी तिला केव्हाच शिकवलेलं होतं. तिनं वही उघडली आणि ते उतरवून घ्यायला लागली. चारच्या एसटीनं परत पोचून संध्याकाळच्या भाकऱ्या तिलाच करायच्या होत्या.