वैजूची रोजची संक्रांत

वैजूला काल हिरवी साडी नेसवून पाठवणार होते.

वैजूला! जिने जन्मभर काळं सोडून दुसरं काही घातलं नाही, तिला.

सवाष्ण गेली की हिरवं नेसवतात. रीत आहे, कळतं मला. पण तिच्या मोठ्या जाऊबाईंनी ती साडी बाहेर काढली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, निदान आज तरी तिला तिच्यासारखं राहू द्या की!

हे सगळं मनातल्या मनात. मी कोण बोलणार? मी नुसती मैत्रीण.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमची क्वार्टर्स शेजारी शेजारी होती. तिचे पपा टीसी.

नव्वदीत नवीनच केबल आली आणि कुठल्याशा परदेशी गाण्यात वैजूला एक बाई दिसली. काळा झगा, काळी लेस, काळे ओठ, डोळ्यांभोवती काजळच काजळ.

मी म्हणाले, "ई! भूत आहे का काय?"

वैजू म्हणाली, "मला अस्संच दिसायचंय."

झालं. बाईसाहेब कामाला लागल्या.

काळी लिपस्टिक अख्ख्या जळगावात मिळेना. दुकानदार म्हणाला, "ताई, असा कलर कंपनी काढतच नाही." मग हिने काजळात व्हॅसलिन कालवलं. दोन चांगले पंजाबी ड्रेस बादलीत घालून काळे केले. बाह्यांना परकराची लेस लावली, तीही काळी करून. आणि या सगळ्यावर पपांचा जुना काळा कोट.

मे महिन्यात. भुसावळात!

एकदा आम्ही दोघी पाचोऱ्याला माझ्या मावशीकडे निघालो होतो. ही कोट घालून डब्यात शिरली आणि एका आजोबांनी मुकाट्याने तिकीट पुढे केलं. वैजूने ते उलटसुलट करून बघितलं. "ठीक आहे, बसा," म्हणाली.

मी पाचोरा येईपर्यंत हसत होते.

या फॅशनला गॉथ म्हणतात, हे आम्हाला फार नंतर माझ्या भाचीने सांगितलं. तेव्हा कॉलनीत त्याला 'टीसीसाहेबांच्या घरची अवदसा' म्हणायचे.

तिची आई रडकुंडीला यायची. "कोण करून घेईल गं तुला?"

वैजू हसण्यावारी न्यायची. पण एकदा मला म्हणाली, "नाही केलं कोणी तर नाही. पण गुलाबी नेसून बसले आणि पसंत पडले, तर पसंत पडलेली ती मी नसेनच ना गं."

मग ते स्थळ आलं. मुक्ताईनगरकडचं, तेव्हाच्या एदलाबादचं. कापसाची शेती, केळीचे मळे. मुलगा अनिल. बरोबर त्याची आई, अक्का. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

आईने गुलाबी साडी पलंगावर काढून ठेवली होती.

वैजू पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली ती काळ्या साडीत. कोपरापर्यंत लेसच्या बाह्या, डोळ्यात हे एवढं काजळ. मध्यस्थांच्या हातातली बशी तशीच राहिली. आईने तर डोळेच मिटून घेतले.

अक्काने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आज संक्रांत हाये का व पोरी?"

वैजू म्हणाली, "माझी रोजच असते."

मेलो आता, म्हटलं. गेलं स्थळ हातचं!

आणि अक्का हसायला लागली. पदराने डोळे पुसत हसली. म्हणाली, "आमच्यात जमिनीले कायी म्हंतात. बारा महिने पाय कायीतच असतात आमचे, पोटबी तिच्यावरच. कायीले काहून नाव ठेवू मी?"

त्यांच्या बोलीत काळी म्हणजे कायी. एका शब्दावर लग्न जमलं बाईचं.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला चंद्रकळा अक्कानेच आणली. काळ्याभोर साडीवर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने, आणि ओठ काजळाचे. स्टुडिओतला तो फोटो माझ्याकडे आहे. त्या परदेशी बाईने बघितला असता तर जळली असती.

पण वैजू ती वैजूच. पुढच्या वर्षीपासून संक्रांतीला घरातल्या सगळ्या बायका काळ्यात आणि ही एकटी हिरव्यात! मी विचारलं तर म्हणाली, "आज सगळ्याच काळ्यात. मग मी वेगळी कशी दिसणार?"

अक्का कपाळावर हात मारून घ्यायची. वर्षातून तेवढा एकच दिवस ती हिरवी साडी कपाटाबाहेर यायची.

काल तीच साडी जाऊबाईंच्या हातात होती.

परवा रात्री जेवताना वैजू चांगली हसत होती म्हणे. पहाटे अटॅक आला. अनिल भावोजी भिंतीला टेकून बसले होते, त्यांना काही सुचत नव्हतं. बायका आंघोळ घालायच्या तयारीला लागल्या होत्या.

अक्का आता खूप म्हातारी झाली आहे. ऐकू कमी येतं, दिसतंही जेमतेम. दोघींनी धरून आणून तिला वैजूच्या उशाशी बसवलं. तिने साडी हाताने चाचपली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"आज संक्रांत हाये का व?"

एक बाई हळूच म्हणाली, "अक्का, भ्रमिष्टासारखं काय बोलता?"

"म्या इचारलं, आज संक्रांत हाये का?"

मी मोठ्याने म्हणाले, "नाही अक्का!"

"मंग तिले हिरवं काहून नेसवता? कायी काढा."

जाऊबाईंचा हात थबकला. मग त्याच उठल्या आणि ट्रंकेतून चंद्रकळा घेऊन आल्या.

नेसवून झाल्यावर अक्काने काजळाची डबी मागितली. डोळ्यांत घातलं ते थोडं गालावर उतरलं. पुसायला मी पुढे झाले तर अक्का म्हणाली, "राहू दे. तिले आवडते तसंच."

तेव्हा मला रडू फुटलं.

वैजू, श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला जमत नाहीत, तुला माहीत आहे.

छान दिसत होतीस गं.

जा आता.